कोर्टाने निर्दोष सोडलं तरी जेलरची फी भरल्याशिवाय सुटका नव्हती, जॉन हॉवर्डने हा धंदा बंद पाडला

साल 1773. इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या कोर्टात एखाद्या गरीब माणसाचा खटला यायचा. फिर्यादीच हजर व्हायचा नाही, किंवा ज्युरी सांगायची की प्रकरणात काही दम नाही. माणूस निर्दोष सुटायचा. आता तो घरी गेला असेल असं आपल्याला वाटेल, पण त्याला पुन्हा तुरुंगात नेलं जायचं.

कारण जेलरची फी बाकी असायची. 15 शिलिंग 4 पेन्स जेलरचे आणि वर 2 शिलिंग किल्ल्या सांभाळणाऱ्या शिपायाचे.

जेलरला पगारच नव्हता. कैद्यांकडून मिळणाऱ्या पैशांवर त्याचं घर चालायचं. महिनोन्‌महिने आत बसलेल्या मजुराकडे एवढे पैसे येणार कुठून? मग तो निर्दोष असूनही आतच पडून राहायचा. आणि आत नुसते दिवस मोजायचे नव्हते. आत जेल फिव्हर होता.

त्या वर्षी बेडफर्डशायरचा हाय शेरीफ म्हणून जॉन हॉवर्डची नेमणूक झाली. पद मानाचं. तुरुंग कागदोपत्री शेरीफच्या ताब्यात असायचा, पण बहुतेक शेरीफ तिकडं फिरकत नसत. हॉवर्ड मात्र स्वतः आत गेला.

तसं बघायला गेलं तर त्याला याची काही गरज नव्हती. 1726 चा जन्म, वडिलांचा लंडनमध्ये गाद्या-गालिच्यांचा व्यवसाय, आणि 1742 मध्ये वडील गेल्यावर भरपूर संपत्ती पदरात पडलेली. पण कोठडी त्याने आधीच बघितली होती. 1755 च्या भूकंपाने लिस्बन शहर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर तो तिकडं निघाला आणि वाटेतच फ्रेंचांनी जहाज पकडलं. ब्रेस्टच्या किल्ल्यात गवतावर झोपून, अर्धपोटी दिवस काढले. सुटका झाल्यावर गडी गप्प बसला नाही. मागे राहिलेल्या कैद्यांची हकीकत त्याने इंग्लंडच्या अधिकाऱ्यांच्या कानावर घातली.

त्यामुळे बेडफर्डमधला प्रकार बघून त्याने सरळ न्यायाधीशांना विचारलं, की जेलरला सरकारी पगार द्या आणि ही फी बंद करा. न्यायाधीश म्हणाले, दुसऱ्या कुठल्या परगण्यात असं होत असेल तर दाखवा.

हॉवर्डने घोड्यावर टांग टाकली. शेजारचे परगणे पालथे घातले, मग त्यांच्या पलीकडचे. पगारी जेलर कुठं सापडला नाही, पण तुरुंगांची अवस्था दिसली.

त्या काळी इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर होता आणि तुरुंगाचा कर जेलरच्या खिशातून जायचा. म्हणून जेलर खिडक्या बुजवून टाकायचे. आत हवा नाही, धुवायला पाणी नाही, गवत महिनोन्‌महिने तेच. हॉवर्डच्या अंगाला आणि कपड्यांना इतका वास लागायचा की त्याला बंद घोडागाडीत बसणं सहन होईना, म्हणून तो घोड्यावरूनच फिरायचा. टिपणवहीसुद्धा आधी विस्तवासमोर धरल्याशिवाय उघडवत नसे.

जेल फिव्हर म्हणजे टायफस. हा आजार अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे 1909 मध्ये शार्ल निकोलने दाखवलं. हॉवर्डच्या काळात सगळ्यांना वाटायचं की घाणेरड्या हवेनं ताप येतो. कारण चुकीचं होतं, पण त्याचे उपाय लागू पडणारे होते. कैद्याला अंघोळ घाला, त्याचे कपडे भट्टीत तापवा, भिंती खरवडून चुना मारा. कपडे तापवले की उवा मरतात, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. 1773 आणि 1774 चा हिशोब मांडून त्याने सांगितलं की देशात फाशीवर जितके मेले, त्याहून कितीतरी जास्त तुरुंगातल्या तापाने मेले.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा विषय. हा ताप तुरुंगाच्या भिंतीआड थांबत नव्हता.

डेव्हन परगण्यात एक्सेटरचा तुरुंग होता. तिथल्या डॉक्टरच्या करारातच सूट होती, की तळघरातल्या कैद्याला जेल फिव्हर झाला तर त्याला बघायला जायची सक्ती नाही. म्हणजे ज्या आजारासाठी डॉक्टर हवा, नेमका तोच आजार करारातून वगळलेला. याच एक्सेटरच्या तुरुंगातून 1755 मध्ये एक कैदी सुटला आणि ॲक्समिन्स्टर नावाच्या छोट्या गावात आपल्या घरी गेला. त्याच्याबरोबर तापही गेला. घरातली दोन माणसं दगावली, आणि नंतर गावातले बरेच लोक. हॉवर्डने ही नोंद आवर्जून केली. याच तापाने लंडनमध्ये 1750 साली ओल्ड बेली कोर्टातले न्यायाधीश आणि खुद्द लॉर्ड मेयरही मेले होते. त्याची बरीच चर्चा झाली. ॲक्समिन्स्टरच्या त्या घराची चर्चा कोण करणार?

मार्च 1774 मध्ये हॉवर्डने पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. एका सदस्याने विचारलं की हा सगळा प्रवास कुणाच्या पैशाने केला. उत्तर होतं, स्वतःच्या. सभागृहाने त्याचे जाहीर आभार मानले.

त्याच वर्षी खासदार अलेक्झांडर पॉपहॅम यांनी मांडलेले दोन कायदे मंजूर झाले. पहिल्या कायद्याने निर्दोष माणसाला भर कोर्टातच मोकळं करायचं आणि जेलरची फी सरकारी तिजोरीतून द्यायची असं ठरलं. दुसरा कायदा कैद्यांच्या आरोग्याचा. वर्षातून एकदा तरी चुना, हवेशीर खोल्या, आजारी बायका आणि पुरुषांसाठी वेगळ्या खोल्या, अंघोळीची सोय आणि पगारी डॉक्टर.

त्यात एक छोटी अट होती. हा कायदा फळ्यावर मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत रंगवायचा आणि तुरुंगात सगळ्यांना दिसेल अशा जागी टांगायचा. आपल्याला डॉक्टर मिळणार आहे, हे कैद्यालाच माहीत नसेल तर तो मागणार कसा?

हॉवर्डने दोन्ही कायदे स्वखर्चाने छापून जेलरांकडे पाठवले. पण कायदे झाले म्हणून तो घरी बसला नाही. परत तेच तुरुंग, परत तीच वही. फळा टांगलाय का, हे तो बघायचा. 1777 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात तुरुंगामागून तुरुंग हीच नोंद सापडते, की आरोग्याचा कायदा टांगलेला नाही. जेलरांनी कायद्याला सरळ केराची टोपली दाखवली होती.

1779 च्या पेनिटेन्शरी कायद्यामागेही त्याचं काम होतं. एकेकट्या कोठडीची कल्पना त्याला आवडायची. संसर्ग टळेल आणि माणूस विचार करेल, असा त्याचा हिशोब. पुढच्या शतकात याच कल्पनेचा कडक एकांतवास झाला आणि माणसं मनाने खचली. हॉवर्डचं कौतुक करताना ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

सुटताना कैद्याची तब्येत बघायची, हा विचार पुढे ब्रिटिशांच्या तुरुंग कायद्यांत आला आणि भारतातही पोचला. 1894 च्या भारतीय तुरुंग कायद्याचं कलम 26 सांगतं की कैदी गंभीर आजारी असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याने सुटका सुरक्षित आहे असं म्हटल्याशिवाय, त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला बाहेर काढता येणार नाही. येरवडा, आर्थर रोड, नाशिकरोड अशा तुरुंगांत पिढ्यानपिढ्या हाच कायदा चालत आला. पण आपल्याला असं थांबता येतं, हे आतल्या किती जणांना माहीत असेल?

हॉवर्डचं घर मात्र सुटलं. दुसरी बायको हेन्रिएटा 1765 मध्ये मुलाला जन्म देऊन काही दिवसांतच गेली. बाप युरोपभर फिरत राहिला, आणि पोरगा पुढे मनोरुग्णालयात गेला.

उतारवयात त्याने प्लेगच्या क्वारंटाईनचा अभ्यास करायचं ठरवलं. त्यासाठी मुद्दाम स्मिर्नाहून साथीच्या संशयातलं जहाज पकडलं आणि व्हेनिसमध्ये स्वतःला क्वारंटाईन करून घेतलं. तुरुंग आणि दवाखाने बघण्यासाठी त्याने आयुष्यात 40 हजार मैलांहून जास्त प्रवास केला.

शेवटचा दौरा रशियाचा होता. काळ्या समुद्राजवळच्या खेरसनमध्ये तो तापाने फणफणलेल्या एका तरुणीला तपासायला गेला आणि त्याला स्वतःलाच ताप आला. 20 जानेवारी 1790 रोजी तो तिथंच वारला.

आपल्या कबरीवर एक सूर्यघड्याळ बसवा आणि आपल्याला विसरून जा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. इंग्लंडने ऐकलं नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये पहिला पुतळा बसला तो त्याचाच. पुतळ्याच्या हातात किल्ली आहे आणि पायाखाली बेड्या.