ताळा पाहणारा गणिती : रिचर्ड हॅमिंग



घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये नखाएवढी एक चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिच्या स्मृतीत सारी माहिती ० आणि १ या दोनच अंकांत साठवलेली असते. लिहितानाच वीज गेली किंवा स्मृतीतला सूक्ष्म विद्युतभार गळाला, तर एखाद्या १ चा ० होतो. हे चिपला कळावे कसे? ती वाट दाखवणाऱ्या एका गणितज्ञाची ओळख आज करून घेऊ.

रिचर्ड हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी अमेरिकेत शिकागो येथे झाला. त्यांना इंजिनिअर व्हायचे होते. पण शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि तिथे तर इंजिनिअरिंगचा विभागच नव्हता. तेव्हा त्यांनी गणित घेतले. १९४२ साली ते इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट झाले आणि १९४६ साली बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेथील गणकयंत्र शनिवार-रविवारी माणसांवाचून चाले. चूक आढळली की ते हातातले काम सोडून पुढचे घेई. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच आले नाही. ते संतापले, पण त्या संतापातूनच त्यांना प्रश्न पडला : चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये?

त्याचे उत्तर त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केले. माहितीच्या ४ अंकांत ताळ्याचे ३ अंक मिसळायचे. सात जागांपैकी १, २ आणि ४ या जागा ताळ्याच्या. प्रत्येक ताळा आपल्या गटातील १ या अंकांची संख्या सम ठेवतो. वाचताना पहिल्या व चौथ्या जागेचा ताळा चुकला, तर १ + ४ = ५, म्हणजे पाचवा अंक बिघडला! तो उलटा केला की माहिती पूर्ववत. मात्र एका वेळी एकच अंक बिघडला असेल, तरच ही युक्ती चालते.

आज अनेक मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत हेच तत्त्व वापरतात. साध्या चिपमध्ये साऱ्या आकड्यांची बेरीज लिहून ठेवतात आणि यंत्र सुरू होताना ती पुन्हा करून ताडून पाहतात. त्यातून चूक कळते, पण सुधारत नाही.

हॅमिंग यांना १९६८ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी १९९८ रोजी ते निवर्तले.

मुलांनो, गणित सुटले म्हणून वही मिटू नका, ताळा पाहा. आणि पालकहो, पाल्याला हव्या त्या शाखेत प्रवेश मिळाला नाही, तर त्याचे दार बंद झाले असे समजू नका. हॅमिंग यांचे दार दुसरीकडेच उघडले होते.