विश्लेषण : घरची वेधशाळा आणि गणेश दैवज्ञ – पंचांग बदलणारे ग्रहवेध कसे घेतले?

परसात दुर्बीण मांडून घरगुती वेधशाळा उभारण्याची हौस आता वाढते आहे. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, कोकणातल्या एका घरात बाप-लेकांनी नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधांवर मात्र पुढे महाराष्ट्राचे पंचांग कित्येक पिढ्या चालले.

अडचण काय होती?

सध्याच्या रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रकाठी नांदगाव आहे. तेथील केशव दैवज्ञांनी १४९६ मध्ये ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ लिहिला. सूर्य, आर्य आणि ब्रह्म या तिन्ही पक्षांची गणिते एकमेकांशी जुळत नव्हती आणि आकाशाशीही जुळत नव्हती. ग्रहणाची वेळ चुकली की स्नान, दान, श्राद्ध सारेच चुकणार. पैठणच्या घाटावर जमणाऱ्या माणसाला ही चूक परवडणारी नव्हती. केशवांनी ग्रहांचे उदय-अस्त आणि ताऱ्यांशी होणाऱ्या युती पाहिल्या. पुढच्या गणकांनीही असेच पाहून गणित दुरुस्त करत राहावे, असे त्यांनी लिहून ठेवले. शास्त्रग्रंथ लिहिणाऱ्याने असे म्हणणे तेव्हा धाडसाचेच होते.

मुलाने काय केले?

गणेश यांचा जन्म १५०७ चा. ‘ग्रहलाघव’चा आरंभकाळ शके १४४२, म्हणजे १५२०, तेव्हा त्यांचे वय अवघे १३ वर्षांचे होते. त्यांनी कोणताही एक पक्ष धरला नाही. सूर्य सूर्यसिद्धांताचा घेतला. चंद्रही तिथलाच, पण ९ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचाच, पण ५ अंश वाढवून. बुधाचे केंद्र ब्रह्मपक्षाचे, तर शुक्राचे ब्रह्म आणि आर्य यांच्या मधले.

९ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पण एवढ्याने तिथी सुमारे १८ मिनिटे सरकते. शनीचे ५ अंश मात्र ठळक आहेत : हात लांब करून मधली तीन बोटे आकाशावर धरली की जेवढी रुंदी झाकते, साधारण तेवढे.

गणित सोपे कसे झाले?

कलियुगारंभापासून मोजायचे तर १६ लाखांहून अधिक दिवसांचा गुणाकार करावा लागे. गणेशांनी ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे ११ वर्षांचे चक्र धरले आणि ज्या-कोष्टकेही टाळली. गावच्या जोशाला हे जमण्यासारखे होते. ‘प्रतोदयंत्र’ या ग्रंथात त्यांनी चाबकाच्या आकाराचे, सावलीवरून वेळ सांगणारे उपकरण वर्णिले आहे. १५२५ मध्ये ‘तिथिचिंतामणी’ आणि १५४५ मध्ये ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ टीका त्यांनी लिहिली.

गोदाकाठाशी संबंध काय?

गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामचे दिवाकर हे गणेशांचे शिष्य. दिवाकरांचे पुत्र मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिल्या. हे घराणे पुढे काशीला गेले.

एकोणिसाव्या शतकापर्यंत या गणितातही फरक साचला. तेव्हा केरूनाना छत्रे यांनी युरोपीय कोष्टके वापरून नवे पंचांग केले आणि जुन्या-नव्याचा वाद पेटला. दुरुस्तीला विरोध करणारे ‘ग्रहलाघवा’चाच आधार घेत होते.