चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज : अनित्य देह, अखंड व्रत

प्रातःस्मरणीय आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराज यांचा जन्म इ. स. १८७२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील भोज गावानजीक येळगूळ येथे झाला. पिता भीमगौडा पाटील, माता सत्यवती. गृहस्थाश्रमातील नाव सातगौडा. नवव्या वर्षी विवाह झाला, मात्र बालवधू लवकरच निवर्तली. आयुष्याची क्षणभंगुरता त्यांना अशी बालपणीच दिसली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. तथापि माता-पित्यांची सेवा अखेरपर्यंत केल्यावरच गृहत्याग केला. १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा व १९२४ मध्ये समडोळी येथे आचार्यपद प्राप्त झाले. दक्षिणेतून सम्मेदशिखर व दिल्लीपर्यंत पायी विहार करून त्यांनी लुप्तप्राय झालेली दिगंबर मुनिचर्या पुन्हा लोकांसमोर आणली.

देह नश्वर, तसे ताडपत्रही नश्वर. प्राचीन सिद्धांतग्रंथांना कीड लागत असल्याचे कळताच त्यांनी ते ताम्रपटांवर कोरून घेण्याची प्रेरणा दिली. स्वतःच्या देहाविषयी निर्मोही असलेले महाराज जिनवाणीच्या रक्षणाविषयी मात्र अत्यंत दक्ष होते.

१९५५ मध्ये त्यांची दृष्टी क्षीण झाली. मार्गातील जीव दिसेनासे झाल्यास ईर्यासमिती पाळणार कशी, आहार शोधून घेणार कसा? व्रत मोडून देह राखण्यापेक्षा व्रत राखून देह सोडणे त्यांनी श्रेयस्कर मानले. श्री कुलभूषण-देशभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेल्या कुंथलगिरी सिद्धक्षेत्री त्यांनी सल्लेखना स्वीकारली. आपले आचार्यपद त्यांनी आपले प्रथम शिष्य, मराठवाड्याचे सुपुत्र मुनिश्री वीरसागर महाराज यांच्याकडे सोपविले. वीरसागर त्या वेळी दूर जयपूर येथे होते. गुरूंनी देहाआधी पदाचाही मोह सोडला होता.

आहार सुटला, पुढे जलही सुटले. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी प्रातःकाळी, महाराज समाधिस्थ झाले. ज्यांच्या हाती पद दिले ते वीरसागर महाराजही १९५७ मध्ये समाधिस्थ झाले. परंपरा मात्र पुढे चालत राहिली.

कुंथलगिरी त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि लातूरही १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होते. त्यामुळे लातूर-नांदेडच्या श्रावकांना ही समाधिभूमी आपल्या घरची वाटते. तेथे नतमस्तक होताना एवढे स्मरावे की, आयुष्य अल्प आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. महाराजांनी ते जाणून प्रत्येक दिवस व्रताच्या कामी लावला. रोजच्या बारा भावनांतील अनित्यभावनेचा अर्थ त्यांच्या जीवनात प्रत्यक्ष उतरला होता.