कॅप्टन डॅनियल शेज

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास वाचितांना वॉशिंग्टनचें नांव पदोपदीं येतें. त्याच्या हाताखालीं लढलेल्या शेतकऱ्यांचें पुढें काय झालें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील मंडळीनें पाठविलेले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच प्रांतांतला हा पुरुष होय.

डॅनियल शेज याचा जन्म १७४७ च्या सुमारास हॉपकिंटन गांवीं एका आयरिश कुटुंबांत झाला. घरची गरिबी असल्यामुळें तरुणपणीं त्याला दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करावी लागली. १७७५ सालीं युद्ध पेटतांच तो सैन्यांत शिरला. बंकर हिल व साराटोगा येथील लढायांत तो होता आणि खालच्या पायरीपासून चढत कॅप्टनच्या हुद्द्यास पोहोंचला. लाफायेत या फ्रेंच सरदारानें त्याला एक शोभिवंत तरवार नजर केली होती.

१७८० सालीं राजीनामा देऊन तो पेलहॅम येथें शेती करूं लागला. गांवकऱ्यांनीं त्याला सुरक्षा समितीवर निवडलें व पुढें वॉर्डनचें कामही सोंपविलें. पण गांवांत मान असला तरी घरांत पैसा नव्हता. कर्ज वारण्यासाठीं त्यानें ती तरवार विकून टाकिली, आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ नांवें ठेवण्यांत आलीं. आमच्या मतें देणेकऱ्याचें कर्तव्य करणाऱ्यास हा दोष देणें योग्य नव्हे.

ही विपत्ति एकट्या शेजची नव्हती. युद्धाचें ऋण फेडण्यासाठीं प्रांतिक सरकारनें कर वाढविले, व्यापारी रोख नाण्यांत पैसे मागूं लागले, आणि नाणें तर शेतकऱ्यांजवळ नव्हतेंच. न्यायालयांच्या हुकुमानें गुरें व जमिनी लिलांवांत निघाल्या. कित्येक जुने शिपाई कर्जापायीं तुरुंगांत पडले. अर्जांचा उपयोग होईना, तेव्हां १७८६ च्या ऑगस्टांत जमावानें नॉर्थॅम्प्टन येथील कोर्टाचें काम बंद पाडिलें. सप्टेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें अशाच जमावाच्या अग्रभागीं शेज होता.

गव्हर्नर बोडिन यानें जनरल लिंकनच्या हाताखालीं फौज उभारिली. खजिना रिकामा असल्यामुळें तिचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनीं दिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. २५ जानेवारी १७८७ रोजीं शेज आपले लोक घेऊन बर्फांतून स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेला. शस्त्रागाराचें रक्षण करणारा जनरल शेपर्ड हाही त्याच युद्धांत लढलेला शेतकरी! त्यानें आरंभीं डोक्यांवरून तोफा डागविल्या, पण जमाव थांबेना; मग नेम खालीं आणिला. चार माणसें पडलीं आणि बाकीचे पळाले. सरकारी शस्त्रागारावर चाल करणें हें आम्हांस मान्य करितां येत नाहीं. पण त्या चौघांविषयीं वाईट वाटल्यावांचूनही राहवत नाहीं. ४ फेब्रुवारीस लिंकननें रात्रभर हिमवादळांत कूच करून पीटर्सहॅम येथें उरलेल्यांस गांठलें, आणि शेज व्हरमाँटकडे निसटला.

त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथें नवी राज्यघटना तयार झाली. शेतीवर परतलेला वॉशिंग्टन त्या सभेस पुन्हां बाहेर पडला, त्याच्या कारणांत हें बंडही होतें.

शेजला फांशीची शिक्षा फर्मावली गेली होती. १७८८ सालीं त्याला माफी मिळाली. पुढें तो न्यूयॉर्क प्रांतांत स्पार्टा येथें राहिला. १८१८ पासून सरकारनें त्याला युद्धांतील चाकरीबद्दल पेन्शन दिलें. २९ सप्टेंबर १८२५ रोजीं तेथेंच तो मरण पावला.