रक्ताभिसरण दाखवून देणारा विल्यम हार्वे

आपल्या डाव्या मनगटाच्या आंतल्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाखालीं, उजव्या हाताचीं दोन बोटें क्षणभर ठेवून पाहा. तेथें जें ठोके लागतात त्यांस आपण नाडी म्हणतों. वैद्य ती पाहतो, डॉक्टरही ती मोजतो. परंतु तिच्यांतून वाहणारें रक्त कोठून येतें व शेवटीं कोठें जातें, हें ४०० वर्षांपूर्वीं युरोपांतील मोठमोठ्या पंडितांसही ठाऊक नव्हतें. ज्या पुरुषानें तें दाखवून दिलें त्याचें चरित्र आज आम्ही देत आहों.

विल्यम हार्वे ह्याचा जन्म १५७८ सालीं एप्रिलच्या १ ल्या तारखेस इंग्लंडांतील केंट परगण्यांत, फोकस्टन ह्या समुद्रकांठच्या गांवीं झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत वडील. कँटरबरी व केंब्रिज येथें शिकून तो इटली देशांतील पादुआ शहरीं वैद्यकी शिकण्यास गेला, आणि १६०२ सालीं पदवी घेऊन लंडनास परत आला. पादुआंत त्याचा गुरु फाब्रिसियस ह्यानें शिरांच्या आंत लहान लहान झडपा असल्याचें शिष्यांस दाखविलें होतें. मात्र त्या कशासाठीं आहेत हें गुरूस नीटसें उमगलें नव्हतें. हातापायांकडे जाणारें रक्त एकदम धांवूं नये म्हणून तीं जणूं धरणें आहेत, असें तो समजे.

त्या काळीं वैद्यकींत गेलन ह्या ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण असे. तो होऊन १४०० वर्षें लोटलीं होतीं. त्याच्या मतें अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, तें शिरांवाटे अंगभर पसरतें आणि तेथेंच जिरतें. विहिरीचें पाणी पाटानें वाफ्यांत जावें व मातींत मुरावें, तसें. (आपल्या बोलण्यांत काळीज हा शब्द कोणी हृदयास लावतो, कोणी यकृतास, तेव्हां गेलनास हंसण्याचें आपणांस कारण नाहीं.) रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूस जातें, इतकें मायकेल सर्व्हेटस नांवाच्या एका स्पॅनिश विद्वानानें १५५३ सालीं छापलें होतें. त्याच सालीं जिनीव्हा शहरीं त्याच्या धर्ममतांबद्दल त्यास जिवंत जाळण्यांत आलें, आणि तें शहर प्रॉटेस्टंटांचें होतें, हें आम्हांस खालीं मान घालून लिहावें लागतें.

लंडनांत १६०९ सालीं हार्वे सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांत वैद्य झाला. तेथें गोरगरीब रोगी येत. १६१५ सालीं वैद्यांच्या महाविद्यालयानें त्यास व्याख्याता नेमिलें. हृदयाची हालचाल पाहण्यासाठीं त्यानें पुष्कळ प्राणी उघडून पाहिले. हृदय इतक्या वेगानें उडे कीं, तें आकुंचन केव्हां पावतें व प्रसरण केव्हां पावतें हें प्रथम त्यास कळेना. मग त्यानें बेडूक, साप, मासे असे थंड रक्ताचे जीव घेतले, कारण त्यांचें हृदय सावकाश चालतें. त्या काळीं गुंगीचें औषध नव्हतें. हा भाग वाचतांना आमचें मन अवघडलें, हें आम्ही लपवीत नाहीं.

परंतु त्याचा सर्वांत मोठा पुरावा साध्या हिशोबाचा होता. हृदय अर्ध्या तासांत हजाराहून अधिक वेळां आकुंचन पावतें. प्रत्येक वेळीं अगदीं थोडें रक्त बाहेर पडतें असें धरलें, तरी अर्ध्या तासाची बेरीज सबंध शरीरांतील रक्ताहून अधिक भरते. इतकें रक्त यकृत कोणत्या अन्नापासून करणार? आजचें माप घेतलें तर दर ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर, म्हणजे तासास जवळजवळ ३०० लिटर. आणि मोठ्या माणसाच्या अंगांत एकंदर रक्त असतें सुमारें ५ लिटर. तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे.

त्याचा दुसरा पुरावा कोणासही पाहतां येतो. दंडास फडकें मध्यम आवळून बांधावें. हाताच्या शिरा फुगतात, व त्यांवर ठिकठिकाणीं गांठी दिसतात, त्याच झडपा. एका बोटानें शीर दाबून धरावी, दुसऱ्या बोटानें तींतील रक्त वरच्या गांठीपलीकडे सारावें. मधली शीर रिकामी राहते, आणि वरचें रक्त कितीही ढकललें तरी खालीं येत नाहीं. (फडकें लगेच सोडावें.) म्हणजे शिरांतील रक्त हृदयाकडेच जातें. रोहिण्या तें हृदयाकडून नेतात, शिरा परत आणितात. उजवी बाजू तें फुप्फुसांकडे धाडते, डावी सर्व अंगास पुरविते.

हें सर्व त्यानें १६२८ सालीं लॅटिन भाषेंत ७२ पानांच्या लहानशा पुस्तकांत फ्रँकफुर्ट येथें छापिलें. लोकांनीं त्यास डोक्यावर घेतलें असें नाहीं. जॉन ऑब्रे हा त्याच्या परिचयाचा गृहस्थ लिहून गेला आहे कीं, लोक त्यास वेडा समजूं लागले व त्याच्याकडे येणारे रोगी पुष्कळ कमी झाले. पॅरिसच्या रियोलां ह्या नामांकित वैद्यानें विरोध मांडला. हार्वेनें त्यास १६४९ सालीं शांतपणें छापील उत्तर दिलें.

एक गोष्ट खेड्यांतील वाचकांनीं अवश्य ऐकावी. १६३४ सालीं लँकाशायर परगण्यांतील एका पोराच्या सांगण्यावरून कांहीं बायका चेटकिणी ठरल्या. त्यांपैकीं चौघींस लंडनास आणून राजानें त्यांची तपासणी हार्वेकडे सोंपविली. त्यानें शस्त्रवैद्य व सुइणी ह्यांच्याकडून ती करविली. सैतानाची म्हणावी अशी एकही खूण त्यांच्या अंगावर निघाली नाहीं. पुढें पोरानेंही आपण खोटें बोललों असें कबूल केलें. आमच्याकडे एखाद्या निराधार विधवेवर असा आळ घेणें किती सोपें असतें, हें आम्ही जाणतों.

१६४२ सालीं यादवी युद्ध पेटलें. हार्वे पहिल्या चार्लस राजाचा वैद्य, म्हणून त्याच्याबरोबर गेला. मागें लंडनांत त्याच्या खोल्या लुटल्या गेल्या आणि किड्यामुंग्यांविषयींचीं त्याचीं अनेक वर्षांचीं टिपणें नाहींशीं झालीं. हें दुःख त्यास अखेरपर्यंत राहिलें. त्याची पत्नी एलिझाबेथ त्याच्या अगोदर वारली, मूलबाळ नव्हतें. १६५७ सालीं जूनच्या ३ ऱ्या तारखेस अर्धांगवायूच्या झटक्यानें तो मरण पावला, व एसेक्स परगण्यांतील हेंपस्टेड गांवच्या देवळांत त्यास पुरण्यांत आलें.

रोहिण्यांतील रक्त शिरांत शिरतें कोणत्या वाटेनें, हें मात्र त्यास कधीं दिसलें नाहीं. त्याच्याजवळ तितकें बलवान भिंग नव्हतें. वाट असलीच पाहिजे, एवढें त्यानें तर्कानें ठरविलें होतें. १६६१ सालीं इटलींतील माल्पिघी ह्यानें सूक्ष्मदर्शकांतून बेडकाच्या फुप्फुसांत केंसाहून बारीक अशा त्या वाहिन्या पाहिल्या. हार्वेस जाऊन तेव्हां चार वर्षें झालीं होतीं.