‘ह्यूमन’ आणि त्यामागचा माणूस

वाशी (जि. धाराशिव), प्रतिनिधी

‘डेथ मेटल’ हे नाव वाचताच निम्मे वाचक दुसऱ्या बातमीकडे वळतील, याची कल्पना आहे. कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, घशाच्या तळातून काढलेला गुरगुराट आणि मुखपृष्ठावर कवट्या, अशीच या संगीताची सर्वसाधारण ओळख. ती खोटी आहे असे नव्हे. परंतु ज्याच्यामुळे हे संगीत जगभर पोहोचले, त्याच माणसाने ही ओळख मोडून काढण्यासाठी उमेदीची दहा वर्षे खर्ची घातली. त्याचे नाव चक शुल्डिनर. ‘डेथ’ या त्याच्या वाद्यवृंदाचा १९९१ सालचा ‘ह्यूमन’ हा अल्बम आजही पुनःपुन्हा ऐकावासा वाटतो.

चार्ल्स मायकेल शुल्डिनर याचा जन्म १३ मे १९६७ रोजी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर झाला. तो तान्हा असतानाच कुटुंब फ्लोरिडात स्थलांतरित झाले. तीन भावंडांत तो धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना सोळा वर्षांचा थोरला भाऊ फ्रँक मोटार अपघातात दगावला. या धक्क्यातून मुलाला सावरावे म्हणून आईवडिलांनी त्याच्या हाती गिटार दिली. अभिजात वादनाची शिकवणी मात्र त्याला रुचली नाही आणि वर्षाच्या आतच ती सुटली. पुढे जुन्या वस्तूंच्या विक्रीतून घरी इलेक्ट्रिक गिटार आली आणि मुलगा खोलीबाहेर पडेनासा झाला. मृत्यू हा शब्द त्याने आपल्या वाद्यवृंदाच्या नावात का घेतला, याचे उत्तर काही जण भावाच्या त्या अपघातात शोधतात. ते पूर्णपणे चुकीचे वाटत नाही.

१९८३ मध्ये कॅम ली आणि रिक रॉझ या दोन मित्रांसह त्याने ‘मँटास’ नावाचा चमू उभारला. वर्षभरात त्याचेच ‘डेथ’ झाले. त्या काळी अशा संगीताला रेडिओ नव्हता की दुकान नव्हते. घरगुती ध्वनिमुद्रणाच्या कॅसेट टपालाने एका चाहत्याकडून दुसऱ्याकडे जात आणि त्यातूनच नाव होई. शाळा अर्धवट सोडलेला चक तालवादकाच्या शोधात अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. अखेर ख्रिस रायफर्ट या तरुणाला घेऊन त्याने १९८७ मध्ये पहिला अल्बम काढला. रक्तपाताच्या भयपटांनी भारलेल्या विशीतल्या पोराचे ते काम होते आणि ते तसेच ऐकू येते. १९८८ चा ‘लेप्रसी’ अधिक बांधीव झाला. १९९० च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये भयपट मागे पडून समाजातील दांभिकतेवर बोट ठेवले गेले.

त्याच वर्षी घडलेल्या एका प्रकाराने त्याची वाट बदलली. युरोप दौऱ्याची तयारी नीट झालेली नाही, असे म्हणून चकने ऐनवेळी माघार घेतली. साथीदार मात्र त्याच्याविनाच निघाले आणि त्याच्या जागी दुसऱ्यांना उभे करून त्यांनी ‘डेथ’च्याच नावाने कार्यक्रम केले. चक लहरी आहे, बेभरवशाचा आहे, अशी बोलवा झाली. त्यात तथ्य नव्हतेच असे म्हणता येणार नाही. साथीदार टिकवणे त्याला आयुष्यभर जमले नाही. परंतु या फजितीनंतर त्याने कायमच्या चमूचा नाद सोडला आणि प्रत्येक अल्बमसाठी त्या त्या कामाला साजेसे वादक निवडण्याचे ठरवले.

‘ह्यूमन’ हे त्याचे पहिले फळ. मायामीच्या ‘सिनिक’ या चमूतील गिटारवादक पॉल मास्विडाल आणि तालवादक शॉन रायनर्ट हे दोघे त्याने बोलावले. दोघांचेही वय वीस, आणि दोघांचेही कान जॅझवर पोसलेले. बास गिटारसाठी स्टीव्ह डिजॉर्जिओ आला. टँपा येथील मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स यांच्यासह ध्वनिमुद्रण झाले. आठ रचना, एकूण अवधी जेमतेम ३४ मिनिटे.

पहिल्याच रचनेत ढोल दुरून जवळ येत जातात आणि मग सारे एकदम कोसळते. तुळजापूरच्या गोंधळात संबळ ऐकलेल्या आमच्या भागातील माणसाला हा अनुभव सर्वस्वी परका वाटू नये. संबळवादक दोन हातांनी खर्ज आणि तार बोलता ठेवतो, तर रायनर्ट दोन्ही पायांनी खालचा ढोल धावता ठेवून वर हातांनी झांजांवर नाजूक नक्षी काढतो. लय मध्येच मोडते, वळते, पुन्हा सांधली जाते. ऐकणारा चकतो, पण वाट हरवत नाही. गाण्यांचे विषयही बदलले: इच्छामरण, शरीराने जोडलेली जुळी, दृष्टिहीनाचे स्वप्न. ‘कॉस्मिक सी’ या रचनेत तर शब्दच नाहीत. गुरगुराटाची अडचण वाटणाऱ्यांनी तेथूनच सुरुवात करावी. दोष सांगायचा तर मूळ मिश्रणात बास फार दबलेला आहे. २०११ च्या नव्या आवृत्तीत तो बराच मोकळा झाला. अनेक जाणकार १९९५ च्या ‘सिंबॉलिक’ला वरचे स्थान देतात. तो अधिक रेखीव आहे, हे मान्य. पण ‘ह्यूमन’मधली वाट शोधण्याची धडपड त्यात नाही.

घरी या माणसाला बागकामाची आवड आणि प्राण्यांचा लळा होता. डेथ मेटलचा जनक ही पदवी चाहत्यांनी दिली, तरी ती त्याने कधी मिरवली नाही. १९९८ च्या ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’च्या आधीपासूनच त्याला गुरगुरण्याऐवजी खुल्या गळ्याचे गायन हवेसे झाले होते. त्यासाठी त्याने ‘कंट्रोल डिनाइड’ हा वेगळा चमू काढला आणि माइक टिम एमार याच्या हाती दिला.

तोवर मान दुखू लागली होती. १३ मे १९९९ रोजी, बत्तिसाव्या वाढदिवशी, मेंदूच्या खोडात गाठ असल्याचे निदान झाले. किरणोपचार झाले. शस्त्रक्रियेसाठी सुमारे ७० हजार डॉलरची गरज होती आणि पुरेसा आरोग्य विमा नव्हता. पाच-सहा देशांत नाव असलेल्या वादकाची ही स्थिती! चाहत्यांनी वर्गणी काढली, वाद्यवृंदांनी मदतीचे कार्यक्रम केले. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया होऊन गाठीचा काही भाग निघाला आणि चक पुन्हा कामाला लागला. परंतु आजार उलटला. १३ डिसेंबर २००१ रोजी वयाच्या ३४ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

मुंबईत साहिल मखिजा याने २००० साली ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा चमू सुरू केला, तेव्हा फ्लोरिडात चक शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या अल्बमची जुळवाजुळव करत होता. ‘कंट्रोल डिनाइड’चा तो अल्बम अर्ध्यावरच राहिला.