रॉबर्ट शूमान : उद्ध्वस्त फ्रान्सचे अर्थमंत्री

युरोपीय ऐक्याचे एक शिल्पकार म्हणून रॉबर्ट शूमान यांचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाते. त्याआधी त्यांनी युद्धाने मोडलेल्या देशाचा जमाखर्च सांभाळला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या काळाविषयी आम्ही येथे थोडे लिहीत आहोत.

शूमान यांचा जन्म २९ जून १८८६ रोजी लक्झेंबर्ग येथे झाला. वडील लोरेनचे. तो प्रदेश १८७१ साली जर्मनीने घेतल्यामुळे शूमान जन्माने जर्मन नागरिक ठरले. १९१९ साली मात्र ते फ्रेंच संसदेत निवडून आले. व्यवसायाने वकील, आजन्म अविवाहित, रोज मिस्साला जाणारे. सप्टेंबर १९४० मध्ये गेस्टापोने त्यांना अटक केली. ऑगस्ट १९४२ मध्ये ते निसटले आणि पुढे मठांच्या आश्रयाने लपून राहिले.

जून १९४६ मध्ये ते अर्थमंत्री झाले, तेव्हा ल हाव्र बंदर आणि कां शहर ढिगाऱ्यांत होते, पूल कोसळलेले होते, कोळशाची टंचाई होती. २८ ऑक्टोबर १९४६ च्या कायद्याने युद्धात घरदार गमावलेल्यांना संपूर्ण भरपाईचा हक्क मिळाला. नुकसानग्रस्ताने आपल्या हानीची नोंद द्यायची, अधिकाऱ्यांनी ती पडताळायची, आणि भरपाई पुन्हा उभारणीशी बांधलेली. भरपाई ही दया नसून हक्क आहे, हे तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. पण तिजोरीत पैसा कुठे होता? महागाई भडकलेली. जानेवारी १९४७ मध्ये स्वीकारलेल्या झां मोने यांच्या योजनेने कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेतीची यंत्रे व वाहतूक यांना अग्रक्रम दिला. घरे मागे पडली आणि अनेक कुटुंबांनी तात्पुरत्या लाकडी घरांत वर्षे काढली. शूमान यांनी खर्चावर कठोर लगाम ठेवला. ही निवड निष्ठुर होती, असे आम्हांलाही वाटते. परंतु कोळसा व सिमेंटवाचून घरे उभी राहणार तरी कशी?

नोव्हेंबर १९४७ मध्ये देशभर संप पेटले असता ते पंतप्रधान झाले आणि १९४८ साली परराष्ट्रमंत्री. पहिल्या महायुद्धाची भरपाई वसूल करण्यासाठी फ्रान्सने १९२३ साली जर्मनीच्या रूर खोऱ्यात सैन्य घातले होते. त्यातून कटुताच वाढली. त्याच जर्मनांच्या कैदेत राहिलेल्या शूमान यांनी ९ मे १९५० रोजी निराळा मार्ग मांडला : दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका सामाईक अधिकाराखाली आणावा. मूळ आराखडा मोने यांचा. राजकीय जबाबदारी शूमान यांनी उचलली. १८ एप्रिल १९५१ रोजी सहा देशांनी करारावर सह्या केल्या.

४ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले. मेट्झजवळील सी-शाझेल या गावी, त्यांच्या घरासमोरील छोट्या चर्चमध्ये त्यांची कबर आहे.